यादीतलं अकरावं काम

सर्व्हरचं सॉफ्टवेअर बसवायला मला चाळीस मिनिटं लागली आणि ते बसल्यानंतरची कामं करायला सहा दिवस. हे लोकांना पटत नाही. स्क्रीनवर ‘इन्स्टॉलेशन पूर्ण’ असं आल्याबरोबर टॉवेल कारखान्याचे मॅनेजर सिद्धराम साहेब यांनी चहा मागवला आणि विचारलं, आता काय राहिलं? मी म्हटलं, सगळंच.

माझी अकरा कामांची यादी असते. सॉफ्टवेअरसोबत येणारा, जगाला माहीत असलेला पासवर्ड बदलायचा. नमुन्यासाठी दिलेली ॲप्स पुसायची. न लागणारे पोर्ट, म्हणजे बाहेरून सर्व्हरमध्ये शिरायच्या वाटा, बंद करायचे. बॅकअप घ्यायचा आणि तो परत चढवूनही बघायचा, कारण नुसत्या बॅकअपवर विश्वास ठेवणारे नंतर कपाळ धरून बसलेले मी पुण्यात खूप पाहिलेत. आणि अकरावं काम, वीज जाऊन आल्यावर सगळं आपोआप सुरू होतं का, ते खरोखर वीज बंद करून तपासायचं.

पुण्याची नोकरी सोडून मी सोलापुरात स्वतःचा धंदा सुरू केला, त्यातलं हे पहिलं मोठं काम. सोमवारी सकाळी आठच्या पाळीपासून कारखान्यातल्या कागदी चिठ्ठ्या बंद होणार होत्या. कोणत्या मागावर कोणतं डिझाइन लावायचं, ते कामगारांना मोबाइलवर दिसणार होतं. फसलं, तर साहेब परत चिठ्ठ्यांवर जाणार होते आणि मी बहुतेक परत पुण्याला.

याच कारखान्याच्या गेटवर माझे पप्पा, हरिदास, एकतीस वर्षं वॉचमन आहेत. पुढच्या महिन्यात रिटायर होतील. मेन स्विचच्या पेटीची किल्ली त्यांच्या कमरेला असते. टॉवेलच्या कारखान्यात हवेत कापसाचे तंतू उडत असतात, एक ठिणगी पुरते. म्हणून सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी दोन्ही शेडमधून फिरून पप्पा स्वतःच्या हातानं मेन स्विच पाडतात. ही सवय ते घरीही घेऊन आले. आम्ही एका दिवसासाठी लग्नाला निघालो तरी मेन बंद. फ्रिजमधलं दूध किती वेळा नासलं, ते आईला विचारा.

तेव्हा शनिवारी वीज बंद होते हे मला माहीत नव्हतं, असं म्हणायची मला सोयच नव्हती. पण शनिवारी चार वाजता दहा कामं संपली होती, माग धडधडत होते आणि मी दमले होते. आपोआप सुरू व्हायची सेटिंग मी केलेली होती, म्हणजे ते चालणारच. मी अकराव्या कामासमोर ‘चाचणी घेतली’ अशी टिक केली, खाली सही ठोकली आणि फॉर्म साहेबांच्या टेबलावर ठेवून घरी गेले.

सोमवारी आठ वाजता दीडशे कामगार मोबाइल हातात घेऊन उभे होते आणि एकाच्याही मोबाइलवर काही दिसत नव्हतं. मी सर्व्हरच्या खोलीत धावले. घोळ लगेच कळला. सकाळी वीज आल्यावर सगळी माहिती साठवणारा डेटाबेस अजून उठत होता, तेवढ्यात ती मोबाइलवर पाठवणारा ॲप्लिकेशन सर्व्हर उठला, त्याला डेटाबेस सापडला नाही आणि तो गप्प परत झोपला. एकदा वीज बंद करून बघितलं असतं तर दोन दिवस आधीच समजलं असतं.

बाहेर आले तर साहेब तापलेल्या आवाजात विचारत होते, हे कुणाच्या हातून झालं? गर्दीतून पप्पा पुढे आले.

“माजी चूक हाय, साहेब. शनिवारी मेन मीच पाडला. नव्या मशिनीचं ध्यानात ऱ्हायलं न्हाई.”

पप्पांच्या ध्यानात राहिलं नाही, अशी गोष्ट मी जन्मात पाहिलेली नाही. साहेबांनी मान हलवली आणि इथून पुढं किल्ली ऑफिसात ठेवायला सांगितली. पप्पा कमरेची किल्ली सोडवू लागले. मला भयंकर राग आला, आधी त्यांचा आणि मग माझा.

“थांबा, साहेब,” मी म्हटलं. “स्विच पाडणं त्यांचं काम होतं, ते त्यांनी केलं. चाचणी घेणं माझं काम होतं. मी ती न घेताच टिक केलीय.”

साहेबांनी फॉर्म आणून माझी टिक बघितली. मग त्यांनी विचारलं, हातानं सुरू करायला किती वेळ? मी दोन मिनिटं म्हटलं आणि दोन मिनिटांत केलं. माग सुरू झाले. पण फॉर्मवर आपली सही जेवणाच्या सुट्टीत, आणि तीही चाचणी डोळ्यांनी बघून, असं साहेबांनी बजावलं. पप्पांनी सोडवून दिलेली किल्ली त्यांच्या टेबलावरच राहिली.

डेटाबेस उठेपर्यंत थांबायचं, एवढं सर्व्हरला शिकवून मी गेटवर गेले. खोटं का बोललात, म्हणून भांडले. पप्पा शांतपणे म्हणाले, “किल्ली तवा माज्याकडं हुती. चाचणी घेतली आसतीस तर मागाय आली आसतीस की.”

म्हणजे त्यांना शनिवारपासून माहीत होतं. मग तेव्हाच का नाही बोललात?

“मोठी इंजिनियर तू. मला वाटलं, किल्लीबगर बी करता येत आसंल.”

साडेबाराला माग थांबले. साहेबांनी टेबलावरची किल्ली उचलून स्वतः पप्पांच्या हातात दिली. वीज गेल्यावर सर्व्हरला बॅटरीवर चालू ठेवणारा यूपीएस मी काढून ठेवला आणि पप्पांना म्हटलं, पाडा. शेड अंधारली. मिनिटभरानं त्यांनी स्विच वर केला. डबे उघडे टाकून कामगार मोबाइलकडे बघत होते. पाचव्या मिनिटाला एकदम सगळ्यांच्या मोबाइलवर मागांची यादी उमटली आणि असा गलका झाला की मला हसू आवरेना. दुसऱ्यांदा तसंच. तिसऱ्यांदा तर एकानं शिट्टी मारली.

मी जुनी टिक खोडली, नवी केली आणि ‘चाचणी घेणाऱ्याचं नाव’ या रकान्यात हरिदास असं लिहिलं. साहेबांनी ते वाचलं, सहीसाठी पेन उघडलं आणि त्याच क्षणी पुन्हा अंधार झाला.

पप्पा पेटीपाशी उभे होते, हात स्विचवर. मी ओरडले, तीन वेळा झालं ना, आता कशाला?

“तीन झाल्या त्या आजच्या,” पप्पा म्हणाले. “ही शनिवारची ऱ्हायलेली.”

साहेब खो खो हसत सुटले. चौथ्यांदा सगळं आपोआप सुरू झालं, तेव्हा कुठं पप्पांनी पेटीला कुलूप लावलं.