पाचवा फोटो

मला राग पटकन येतो, हे आमच्या शिरवणे गावात सगळ्यांना ठाऊक आहे. लाज मात्र मला उशिरा येते, आणि हे मला स्वतःलाच त्रेसष्टाव्या वर्षी कळलं.

त्या रविवारी दुपारी नेरुळच्या आमच्या क्लबात मीटिंग होती. आमचा अध्यक्ष हरेश बिल्डर आहे. त्यानं क्लबाची नवी इमारत उभी केली आणि पहिल्या मजल्यावरची एक खोली या भागातल्या जुन्या हॉकी खेळाडूंना द्यायची ठरवली. कागदावर तिचं नाव 'गौरव दालन', बोलताना सगळे 'हॉल ऑफ फेम' म्हणायचे. भिंतीवर पाच फोटो आणि प्रत्येकाखाली चार ओळी. पाचच का, तर उरलेल्या भिंतीत खिडकी होती.

निवड करायला आम्ही चौघं. हरेश, सेक्रेटरी मिथुन, मुलींच्या टीमची कोच जागृती आणि मी, गोटीराम भोईर, माजी सेंटर फॉरवर्ड. पहिलं नाव माझंच निघालं. "दादा, तुमच्यावर काय चर्चा करायची?" असं म्हणत मिथुननं ते वहीत लिहूनही टाकलं. मी 'अरे, कशाला' म्हणून हात हलवला, पण चर्चा करा म्हणून खोलीबाहेर काही गेलो नाही.

पुतळा पाटील तीन वेळा राष्ट्रीय स्पर्धा खेळलेली, तिच्यावर वाद नव्हता. आमचा जुना कॅप्टन आप्पा म्हात्रे आता हयात नाही, त्याच्या नावालाही कोणी हरकत घेतली नाही. गोलकीपर इंद्रजितवर मात्र हरेश अडून बसला.

"त्यानं ऐरोलीला क्रिकेटचे क्लास काढले, दादा. मोठा झाला हॉकीवर आनि पोरं तिकडं वळवली. त्याचा फोटो कसा लावायचा?"

"त्यानं गोल किती अडवले ते बघ," मी म्हणालो. "रिटायर झाल्यावर मानसानं क्रिकेट शिकवावं नायतर भजी तळावी, आपल्याला काय करायचंय?"

इंद्रजित आत आला. मग प्रीतम नावाच्या एका लेफ्ट विंगरची गोष्ट निघाली. त्यानं म्हणे एका मॅचमध्ये पाच गोल मारले होते. म्हणे! कोणाकडे पेपरातलं कात्रण नाही, स्कोरशीट नाही. मी टेबलावर हात आपटला.

"सांगोवांगी गोल चालनार नाय. मिथुन, नियम म्हनून लिही. ज्याचं कागदावर नाव हाय, त्याचाच फोटो. उद्या कोनीपन उठेल आनि मी असा खेळलो नि तसा खेळलो सांगेल."

मिथुननं लिहिलं, प्रीतम कटाप झाला. जागा एक उरली. तेव्हा इतका वेळ गप्प बसलेली जागृती म्हणाली, "दादा, माझं एक नाव आहे. भैरू मांढरे."

मी खिडकीबाहेर बघू लागलो.

"तुर्भ्याच्या मार्केटात माथाडी होते ते," ती सांगत होती. "मी नववीत असताना आमच्या ग्राउंडवर यायचे. रिव्हर्स स्टिक मला त्यांनी शिकवली. असे हात मी नंतर कॅम्पात पण नाही बघितले. हा माणूस कुठेतरी खेळलेला आहे, नक्की. विचारलं की हसतात फक्त."

भैरू कुठे खेळला होता, हे त्या खोलीत मला एकट्यालाच माहीत होतं. तो माझ्या नावावर खेळला होता.

एक्क्याण्णव सालची गोष्ट. बेलापूर पट्ट्यातल्या एका औषध कारखान्यात मी फिटर होतो. कारखान्यांची हॉकी स्पर्धा व्हायची आणि तिच्यात फक्त पर्मनंट कामगारांना खेळता यायचं. भैरू साताऱ्याचा. लहानपणी खडकीला मामाकडे राहिलेला आणि तिथेच हॉकी शिकलेला. आमच्या गोडाऊनला तो ठेकेदाराचा माणूस म्हणून माल चढवायला यायचा आणि शिफ्ट सुटली की आमच्यात खेळायचा. फायनलच्या आठवड्यात मला कावीळ झाली. आप्पानं माझं कारखान्याचं कार्ड भैरूच्या हातात दिलं. तेव्हा हे सर्रास चालायचं. प्रत्येक टीममध्ये एखाद-दुसरा माणूस भलत्याच्या नावावर उतरायचा, आणि अंपायर कार्ड बघायचे, तोंड नाही. भैरू माझा नऊ नंबरचा शर्ट घालून उतरला. आम्ही दोन-एकनं जिंकलो आणि ते दोन्ही गोल त्याचे होते.

दुसऱ्या दिवशी पेपरात छापून आलं, 'गोटीराम भोईर यांचे दोन गोल'. ते कात्रण बघून मॅनेजरनं मला सुपरवायझर केलं. राज्याच्या कॅम्पचं बोलावणंही त्याच्यावरच आलं. पुढे कॅम्पात मी माझ्या पायांवर टिकलो, ते मी नाकारत नाही. पण आत शिरलो तो भैरूच्या गोलांवर. मी त्याला म्हणालो होतो, "आता कोनाला बोलू नको. मी सायबांशी बोलून तुला पर्मनंट करतो, मग तुझ्या नावावर खेळ."

मी साहेबांशी कधीच बोललो नाही. या पोराला घ्या, चांगला खेळतो, असं म्हटलं असतं तर साहेबांनी विचारलं असतं, तू कुठे बघितलंस त्याला खेळताना? आणि बोलता बोलता फायनलचं बाहेर पडलं असतं. सहा महिन्यांत ठेका संपला आणि भैरू मार्केटात कांद्या-बटाट्याच्या गोणी उचलायला गेला. पुढे लग्नाकार्यात भेटायचा, चौकशी करायचा. त्या मॅचचं नाव त्यानं चौतीस वर्षांत एकदाही काढलं नाही.

"मी त्यांना बोलावून घेतलंय," जागृती म्हणाली. "खाली बसलेत."

भैरू वर आला. पांढरा शर्ट, कडक इस्त्री, केस नीट विंचरलेले. बोलावणं आल्यावर त्यानं घरी किती तयारी केली असेल ते दिसतच होतं. खुर्चीच्या कडेवर बसला. मिथुननं चहा पुढे केला. माझ्याकडे बघून तो ओळखीचं हसला. हा आता बोलणार, असं मला वाटलं. तो बोलायच्या आत मीच बोललो.

"भैरू, इथं नियम हाय. कुठली स्पर्धा खेळलास ते सांग. एकच सांग. साल, टीम, स्कोर."

त्यानं माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. डॉक्टर बघतात तसं, जरा पुढे वाकून. मग खाली बघून म्हणाला, "एकबी न्हाय."

"मग इथं कशाला आलास?"

हे विचारायची काही गरज नव्हती. माझं काम आधीच झालं होतं. तरी तोंडातून गेलं, आणि आजही जेवताना मध्येच आठवलं की घास फिरतो.

"पोरीनं बोलावलं म्हनून आलो," तो म्हणाला. उठला, सगळ्यांना नमस्कार केला आणि चहा तसाच ठेवून निघून गेला. जागृतीचा चेहरा लाल झाला होता. हरेश घसा खाकरून दुसरं कुठलं नाव आहे का म्हणून विचारू लागला.

मी फोन आल्याचं निमित्त करून खाली गेलो. माफी मागायला गेलो, असं लिहायला मला फार आवडलं असतं. पण मी गेलो ते तो खाली वॉचमनला किंवा कोणाला काही सांगत तर नाही ना, ते बघायला.

तो गेटजवळच्या बाकड्यावर बसून चपलेचा बंद लावत होता. मला बघून सरकला.

"बस, गोट्या. औषधं चालू हायत का तुजी?"

"कसली औषधं?"

"आमच्या थोरल्या भावाचं असंच झालं. आदी जुनं इसराय लागला, मंग पोरांची नावं. वर तू इचारलंस आन् माज्या ध्यानात आलं. ह्येला खरंच आठवत न्हाय. म्हनलं, चारचौगात आपून बोललो तर ह्यो वरमंल. म्हनून एकबी न्हाय म्हनालो." त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "डाक्टरला दाकव. हयगय करू नगं."

या माणसाला मी वर काय विचारलं होतं, आणि हा माझ्या तब्येतीची काळजी करत बसला होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण सुटायची वाट समोर दिसत होती आणि मी ती घेतली.

"होय रे," मी म्हणालो. "हल्ली काय आठवत नाय."

"मंग मी सांगतो." तो उठून उभाच राहिला. "घरी बायकूला, शालनलाबी सांगितलं न्हाय आजपातूर. तू नगं म्हनला हुतास ना. पर तुजं तुलाच सांगाय काय हरकत? शबूद काय मोडत न्हाय."

आणि त्यानं मला ती मॅच सांगितली. बासष्ट वर्षांचा माणूस, गुडघे गेलेले, पण पार्किंगच्या फरश्यांवर पाय सरकवत सांगत होता. आप्पानं उजवीकडून पास कसा दिला, फुलबॅकला डावा दाखवून तो उजवीकडून कसा निघाला, दुसरा गोल गोलकीपरच्या पॅडला लागून कसा आत गेला. हातात काही नव्हतं, तरी मुठी स्टिक धरल्यासारख्या होत्या. "तू गोलच्या मागं बसला हुतास, कानटोपी घालून, हळदीवानी पिवळा. दुसरा गोल झाला तवा रडलास. मला म्हनलास, भैरू, ह्ये मी मरंपातूर इसरनार न्हाय." तो हसला. त्याचे डोळे भरले होते. चौतीस वर्षं हे त्याच्या पोटात होतं आणि सांगायला माणूस मिळाला तो मी.

"आठवलं का?" त्यानं विचारलं.

हो, आता आठवलं, असं म्हणून मोकळं होता आलं असतं. पण त्याच्या त्या तोंडाकडे बघून मला दुसऱ्यांदा खोटं बोलवेना.

"मी विसरलोच नव्हतो, भैरू."

"म्हंजी?"

"सगळं आठवत होतं."

"वर इचारलंस तवाबी?"

"तवा पन."

तो हळूहळू खाली बसला. दोन्ही मुठी मांडीवर ठेवल्या, मग उघडल्या. 

"मंग बरं हाय," तो म्हणाला. "मला वाटलं, आजारी हायस."

आणि उठून गेटबाहेर गेला. मी हाक मारली, तो थांबला नाही.

मी वर गेलो तेव्हा पाचव्या जागेवर प्रीतमचा पुन्हा विचार करावा का, अशी चर्चा चालली होती. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. कार्ड, कावीळ, शर्ट, दोन गोल, साहेबांशी न झालेलं बोलणं.  मग हरेश उठला आणि त्यानं माझा हात दोन्ही हातांत धरला.

"दादा, काय मन हाय तुमचं! मानूस तसाच परत गेला म्हनून तुमी सोताचे गोल देऊन टाकताय?"

"हरेश, ते गोल त्याचेच हायत रे!"

"पन पेपरात नाव तुमचं. नियम तुमीच केला ना, कागदावर नाव पायजे म्हनून? आनि तो सोता एकही मॅच खेळलो नाय म्हनाला, आमी तिघांनी ऐकलं." मिथुननं मान हलवली आणि टाळ्या वाजवल्या. फोटोखालच्या चार ओळींत हे मोठ्या मनाचं पण घ्यायचं का, असं त्यानं विचारलं. मी ओरडलो. माझ्या ओरडण्याची त्यांना सवय होती.

जागृतीनं भैरूला फोन लावून स्पीकर चालू केला. मागे गाड्यांचा आवाज येत होता. "काका, गोटीरामदादा म्हणतायत फायनल तुम्ही खेळलात. खरं आहे?"

"त्येंनी इचारलं हुतं, मी सांगितलंय," भैरू म्हणाला. "आता माजं नाव काडू नगा." आणि फोन बंद झाला.

हरेशनं 'बघा' अशा अर्थानं हात पसरले. मी मिथुनच्या हातातला पेन घेतला आणि वहीतल्या माझ्या नावावर दोन रेघा मारल्या. त्यांनी ती वही माझ्यापासून ओढून घेतली आणि मला बसवून पाणी दिलं. उद्या शांतपणे बोलू म्हणाले. ते दोघं चहा सांगायला बाहेर गेले, जागृती तेवढी राहिली. तिनं भैरूचा गार झालेला कप उचलून बाजूला ठेवला.

"तुम्ही खरं बोलताय, मला माहितीये," ती म्हणाली. "पण काका या खुर्चीत बसलेले असताना हे सांगायला किती वेळ लागला असता, दादा?"

"अर्धं मिनिट," मी म्हणालो.