पुढून उघडणारा गाऊन

"उलटं धरलंय तुम्ही."

"उलटं म्हणजे? कापडाला बाजू दोन. सांग, कुठली वर पाहिजे?"

"आतली. आतली बाहेर."

फिटरने मांडीवरचा गाऊन झटकला, आतली बाजू बाहेर केली आणि कपाळावरचा चष्मा पुन्हा नाकावर ओढला. मघाशी सुई कुठे खोचून ठेवली होती ते आता आठवेना. त्याने बनियन चाचपलं, गादी चाचपली. शेवटी सुईच त्याच्या अंगठ्याला सापडली. त्याने तोंडाशी आलेली शिवी गिळली.

"आता ती कढई घ्या," पलंगावर उशीला टेकून बसलेली त्याची बायको म्हणाली.

"कात्री?"

"तेच म्हणतेय ना. कढई."

तो कात्री हातात घेऊन तिच्याकडे बघत राहिला. हसावं की रडावं याचा विचार त्याने अलीकडे सोडून दिला होता.

मागच्या थंडीत तिला अर्धांगाचा झटका आला आणि उजवा हात खांद्यापासून लोंबायला लागला. पाय बराचसा परत आला. काठी टेकत टेकत ती घरभर फिरायची. बोलणंही परत आलं, फक्त वस्तूंची नावं आपापल्या जागा सोडून गेली होती. माणसं, रस्ते, कोणत्या लग्नात कोण कोणाला काय लागट बोललं होतं, सगळं जिथल्या तिथे. पण कात्रीची कढई झाली होती, चादरीची गाडी झाली होती, आणि आज जे नाव आलं तेच उद्या येईल याचीही खात्री नव्हती. आपण चुकलो हे तिच्या कानाला कळायचं नाही. ते समोरच्याच्या तोंडावर दिसायचं. मग ती समोरच्यावर चिडायची, आणि समोर बहुतेक वेळा फिटरच असायचा.

एकेकाळी अख्खी बिल्डिंग तिच्या सल्ल्यावर चालायची. चादर मधोमध विरली? टाकू नका, उभी फाडा, कडेच्या धडक्या बाजू मध्ये आणून जोडा. चेन अडकते? मेणबत्तीचा तुकडा फिरवा. जुन्या पँटच्या पायांच्या पिशव्या, उरलेल्या चिंध्यांची पायपुसणी, लहानग्यांच्या फ्रॉकला वाढत्या अंगाची दुमड. जिन्यात भेटलेली बाई चार शब्द बोलून पुढे जायची ती काहीतरी शिकूनच. फिटरचा या सगळ्यात हिस्सा एवढाच की वर्षातून एकदा तो शिलाई मशीनला तेल द्यायचा. पाणीपुरवठ्यात त्याने सगळं आयुष्य पाईप जोडण्यात काढलं. अंधाऱ्या खड्ड्यात, गुडघाभर चिखलात, नुसत्या बोटांनी चाचपून गळती कुठे आहे ते तो सांगायचा. ती बोटं आता सुईपुढे केळ्याच्या घडासारखी वाटत होती.

आणि हे सगळं कशासाठी, तर गाऊनसाठी.

तिला आंघोळ घालायला आणि कपडे चढवायला रविवार सोडून रोज सकाळी एक बाई यायची. बाई वाईट नव्हती, पण घाईची होती. तिला पुढे आणखी दोन घरं असायची. छत्री पिशवीत कोंबावी तसा ती लुळा हात बाहीत कोंबायची. त्या दिवशी फिटर औषधं आणायला गेला होता. गाऊन नुकताच डोक्यातून खाली येत होता, तेवढ्यात बेल वाजली. बाई तिला तशीच सोडून दार उघडायला गेली. गॅसवाला आला होता. आतल्या खोलीचं दार सताड उघडं, आणि बाहेरच्या खोलीतून आतलं सगळं सरळ दिसायचं. गाऊन गळ्यात अडकलेला, खाली अंग उघडं, एक हात निकामी आणि दुसरा बाहीत गुंतलेला.

"ताट!" ती ओरडली. "ताट! ताट!"

"आत्ता ताट कशाला हवंय आजी?" असं म्हणत बाई स्वयंपाकघरात गेली आणि खरोखरच ताट घेऊन आली.

गॅसवाला भला माणूस होता. तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. ही हकिगत बाईनेच फिटरला हसत हसत सांगितली. तो हसला नाही. बायको दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून होती. संध्याकाळी उठून बसली आणि म्हणाली, "गाऊन पुढून फाडा."

"कुठला?"

"सगळे."

तिने सगळं डोक्यात पक्कं केलं होतं. डोक्यातून घालायचे गाऊन वरपासून खालपर्यंत पुढून उघडायचे. उजव्या बाहीची बगल उसवून आत एक तुकडा घालायचा, म्हणजे हात सैल जाईल. आणि बटणांऐवजी ते लावायचं. ते म्हणजे काय, हे सांगताना मात्र गाडी अडली.

"ते हो. ते... कुत्रं. चर्र करतं."

फिटरने चेन दाखवली, हूक दाखवले, टिचबटणं दाखवली. तिने प्रत्येक वेळी मान हलवली. शेवटी तिने टेबलावरचं रक्तदाब मोजायचं यंत्र ओढलं, त्याचा पट्टा गुडघ्याखाली दाबला आणि टर्रकन उघडून त्याच्या नाकासमोर धरला.

"वेल्क्रो होय!"

"मग इतका वेळ काय सांगतेय?"

"कोपऱ्यावरच्या टेलरला देऊ. तासाभराचं काम."

"नको."

"का पण?"

"तो विचारेल कशाला म्हणून."

फिटर मशीनवर बसला. मशीन उलटं पळालं, दोरा तुटला, खाली दोऱ्याचं घरटं झालं. "राहू दे, हाताने शिवा," ती म्हणाली. वेल्क्रो हाताने शिवणं म्हणजे चामड्यात सुई घालण्यासारखंच होतं. एक पट्टी शिवता शिवता त्याचा अंगठा चाळणीसारखा झाला. दुसरी झाली तेव्हा त्याने मोठ्या आशेने दोन्ही बाजू एकमेकींवर दाबल्या. चिकटेनात. आणखी जोरात दाबल्या.

"दोन्ही काटेरी लावल्यात," ती म्हणाली. "एक मऊ पाहिजे, एक काटेरी."

"हे आधी सांगायला काय झालं होतं?"

"सांगितलं होतं."

"काय सांगितलं होतंस?"

काय सांगितलं होतं ते तिला आठवत होतं, पण ते कुठल्या शब्दांत बाहेर पडलं असेल याचा तिलाही भरवसा नव्हता.

फिटरने पट्ट्या उसवल्या. दुसऱ्या दिवशी तिला डुलकी लागल्यावर त्याने गाऊन वर्तमानपत्रात गुंडाळला आणि कोपऱ्यावर जाऊन टेलरपुढे टाकला. टेलरने काही विचारलं नाही. त्याच्या बोलण्यातून फिटरला कळलं की त्याला सगळं ठाऊक होतं. गल्लीत सगळ्यांनाच सगळं ठाऊक होतं. टेलरने आखल्यासारख्या सरळ टिपा मारल्या, बगलेत नाजूक तुकडा बसवला, वर इस्त्रीही फिरवून दिली.

"झाला बघ," संध्याकाळी फिटरने गाऊन तिच्या मांडीवर ठेवला.

तिने डाव्या हाताचा अंगठा टिपेवरून सावकाश फिरवला.

"तुम्ही केलंत?"

"मग कोण करणार?"

तिने गाऊन उशाशी सरकवला. आपलं खोटं पचलं असं त्याला वाटलं. दुसऱ्या दिवशी दुपारी तो जेवून आडवा झाला. जाग आली ती कर्रकर्र आवाजाने. ती गाऊनचं टोक मांडीखाली दाबून बसली होती आणि दातांनी दोरा ओढून काढत होती. एक अख्खी पट्टी सुटून लोंबत होती.

"अगं, काय करतेस! चांगलं शिवलं होतं त्याने!"

शब्द तोंडातून गेल्यावर त्याला कळलं.

"त्याने," ती म्हणाली.

"हो, त्याने! बिघडलं काय? मला नाही जमत ते. अंगठा बघ माझा! रोज तुझं उलट, सुलट, आतलं, बाहेरचं. शिवलं की उसव, उसवलं की शिव. एक दिवस सुखाने बसू देत नाहीस. आणि आता हेही नको? एवढा कसला गं ताठा?"

"छान शिवलंय," ती म्हणाली. एकेक शब्द पारखून घ्यावा तसं ती बोलत होती. "पण मला घालता येत नाही. तुम्ही झोपलात तेव्हा बघितलं. हात जात नाही. आणि ही, ही बाजू वर ठेवलीय त्याने. उजवी. ती मेल्या हाताकडे जाऊन पडते. मला धरता येत नाही."

"मग मला उठवायचं."

"तुम्हाला उठवायचं तर मग हे कशाला?"

"मग नीट सांगायचं ना आधी! तोंड आहे ना? पण तोंड उघडलं की कढई, नाहीतर ताट! कोणाला काय कळणार?"

तिने गाऊन खाली ठेवला नाही, ती रडली नाही. फक्त त्याच्याकडे बघायचं थांबली.

फिटर चपला न घालताच बाहेर पडला आणि जिन्यात जाऊन बसला. समोरच्या बाईने दार उघडून विचारलं, "काका, बरं आहे ना?" तो म्हणाला, "हो, वारा खातोय." जिन्यात वारा नव्हता. तिने दार हळूच लावून घेतलं. आपण बोललो ते परत कसं घ्यायचं याचा त्याने विचार केला, पण काही सुचलं नाही. माफी मागायची सवय दोघांनाही नव्हती. त्यांच्या घरात भांडण झालं की कोणीतरी चहा ठेवायचं आणि ते मिटल्यात जमा व्हायचं.

तो आत आला तेव्हा तिने आंघोळीच्या साबणाच्या वडीत सुई उभी खोचून ठेवली होती. वडी टेबलावर होती. डाव्या हातात दोरा धरून ती नेढ्यात घालायला बघत होती. दोरा नेढ्याच्या शेजारून गेला. तिने टोक ओठांत ओलं केलं, पुन्हा नेम धरला. वडी घसरली. तिने वडी मागे ओढली, पुन्हा नेम धरला.

सुई ओवून द्यावी असं त्याच्या मनात आलं. पण त्याने नुसती वडी दोन्ही हातांनी धरून ठेवली. आणखी तीन-चारदा चुकल्यावर दोरा आत गेला.

मग फिटरने गाऊन उचलला, उभा राहिला आणि आपला उजवा हात लेंग्याच्या नाडीत अडकवून टाकला.

"हे काय करताय?"

"बघू दे मला. कुठे अडतं ते."

डाव्या हाताने गाऊन पाठीवरून फिरवायला जाताच तो जमिनीवर पडला. त्याने वाकून उचलला. मग डावा हात बाहीत घातला, तर उजवी बाही पाठीमागे कुठेतरी लोंबत राहिली आणि ती पकडायला हात उरला नाही. तो स्वतःभोवतीच गरगर फिरला. घाम आला, चष्मा घसरला, तो वर करायलाही हात मोकळा नव्हता. फुलाफुलांच्या गाऊनमध्ये अर्धा अडकलेला तो थोराड माणूस धापा टाकत उभा राहिला आणि त्याला इतका संताप आला की ते कापड टराटरा फाडून टाकावंसं वाटलं.

"आधी लुळा," ती म्हणाली. "बसून. बाही मांडीवर ठेवायची. लुळा हात आत सोडायचा, मग खांद्यावर ओढायचं. चांगला हात शेवटी."

तो बसला. तिने सांगितलं तसं केलं. उजवा हात बगलेच्या तुकड्यापाशी अडकला. "इथे," तो म्हणाला. "इथे अजून चार बोटं पाहिजेत."

"पाच," ती म्हणाली.

त्याने खडूने खूण केली. मग वस्तूंची नावं घेणं दोघांनीही सोडूनच दिलं. ती बोट दाखवायची, तो तिथे टाका घालायचा. बोट हललं की उसवायचा. डावी बाजू वर, उजवी खाली. मऊ पट्टी वर, काटेरी खाली. टाके कुठे मोठे पडले, कुठे एकावर एक चढले. ती "चुकलं" म्हणायची आणि तो "दिसतंय मला" म्हणून खेकसायचा. तीन दिवस हे चाललं आणि त्या तीन दिवसांत गोड शब्द असा एकही निघाला नाही.

रविवारी बाई यायची नाही. आंघोळ आटोपली, त्याने तिला पलंगावर बसवलं आणि गाऊन शेजारी ठेवला. तिने काठीने दाराकडे खूण केली. तो बाहेर गेला आणि दार ओढून घेतलं.

आत बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग कापडाची सळसळ झाली. मग चर्र असा आवाज, थोड्या वेळाने पुन्हा चर्र. कुठेतरी चुकलं होतं आणि ती पुन्हा उघडत होती. मग काठी पडल्याचा आवाज आला. त्याचा हात कडीवर गेला.

"येऊ नका," आतून आवाज आला.

तो दाराशीच उभा राहिला. स्वयंपाकघरात तापत ठेवलेलं दूध वर येऊन गॅसवर सांडलं, त्याचा करपट वास आला, तरी तो हलला नाही.

दार उघडलं. ती बाहेर आली. एक बाजू वर चढली होती, एक खाली लोंबत होती, पोटाशी एक पट्टी चिकटायची राहिली होती. डोक्यावरचे केस घामाने चिकटले होते.

"खाली लांब ठेवलात," ती म्हणाली. "पायात येतो."

"तूच सांगितलंस तेवढा ठेवायला."

"पुढचा गाऊन कमी ठेवा."

"पुढचा?" फिटर म्हणाला. पण ती ऐकायला थांबली नव्हती. काठी टेकत ती गॅलरीत गेली. आजारी पडल्यापासून ती तिथे उभी राहिली नव्हती. खालून कोणीतरी हाक मारली. तिने काठी कठड्याला टेकवली आणि डावा हात वर केला.

फिटर तिच्या मागे जाऊन उभा राहिला. उजवीकडची कॉलर आत दुमडून गेली होती, मानेपाशी कापडाचा बोळा झाला होता. त्याचा हात आपसूक पुढे गेला, तिच्या मानेपर्यंत पोचला आणि तिथेच थांबला. मग त्याने तो मागे घेतला, लेंग्याच्या खिशात घातला आणि तिच्या शेजारी कठड्याशी जाऊन उभा राहिला.