उडीच्या सायकलीचं कुंकू

मी एक सायकल बोलतेय. या, बसा. म्हणजे माझ्यावर नाही, समोर. माझ्यावर बसायचे दिवस संपले, आणि ते का संपले तेच सांगायचंय.

आधी ओळख. मी ठेंगणी. सीट इतकी खाली की बघणाऱ्याला वाटावं, ही कुठल्या तरी लहान पोराची. गिअर नाहीत. ब्रेक एकच, मागचा. स्टँड नाही, घंटी नाही, पिशवी अडकवायला जागा नाही. मी एकाच कामाची: मातीच्या ढिगावर वेगात चढायचं, हवेत जायचं आणि पलीकडच्या उतारावर अलगद उतरायचं.

माझ्या नळ्या दूरच्या कुठल्या देशात जोडल्या गेल्या. जोडणाऱ्याचा चेहरा मला माहीत नाही, तो काळ्या काचेमागे होता. नळ्यांची तोंडं बंद झाली तेव्हा आत थोडा अंधार राहून गेला. सगळ्याच सायकलींच्या पोटात तो असतो. त्यात कोणी राहायला येऊ शकतं, हे मात्र मला नंतर कळलं.

माझा पहिला मालक वॉरेन. कळव्याचा, आईबरोबर राहायचा, बँकेत नोकरीला. रविवारी चर्चहून आला की मला मित्राच्या टेम्पोत टाकून मोहन्याला न्यायचा. तिथल्या जुन्या कारखान्याच्या पलीकडे मोकळी जमीन होती. वॉरेनने स्वतः फावडं घेऊन तिथे सहा ढीग रचलेले. टेम्पोतून कॅनने आणलेलं पाणी मारायचा, फावड्याच्या पाठीने थोपटायचा, आई बाळाला थोपटते तसा. सहावा सगळ्यात उंच.

एका रविवारी, भर दुपारी, आम्ही सहाव्यावरून उडालो. हवेत असताना माझ्या मानेत टक् झालं. मान म्हणजे हँडलच्या खाली तिरकी नळी येऊन मिळते, तो जोड. आवाज अगदी बारीक, पण वॉरेनने ऐकला. त्याची बोटं ब्रेकवर आवळली. हवेत ब्रेक कशाला लागणार? मी चाकांवर उतरले. तो उतरला नाही, पडला. माणसं धावत आली, त्याला उचलून घेऊन गेली. माझं मागचं चाक अजून फिरत होतं.

माझ्या मानेकडे कोणी बघितलं नाही. बघण्यासारखं काही नव्हतंच. केसाएवढी चीर, तीही रंगाच्या आत.

वॉरेन घरी परत आला नाही. मग वर्षभर मी बाल्कनीत. वॉरेनची आई, अ‍ॅग्नेस आँटी, रोज माझ्यावरची धूळ पुसायची. कधीकधी वारा नसायचा, पान हलत नसायचं, आणि माझ्या मागच्या चाकातलं फ्रीव्हील आपोआप टिकटिकायला लागायचं. आँटी आतून म्हणायची, "वॉरेन, आधी जेवून घे." आणि ते थांबायचं. एक दिवस ते थांबलं नाही. दुसऱ्या दिवशी तिने मानपाड्याच्या साईनाथला बोलावलं. जुन्या सायकली घ्यायच्या, नीट करायच्या, विकायच्या, हा त्याचा धंदा.

"ने बाबा हिला. पण उडीसाठी कोणाला देऊ नकोस. पाव-अंडी आणायला दे कोणाला तरी."

"आँटी, हिच्यावरून अंडी आणली तर घरी आमलेटच पोचेल," साईनाथ सवयीने बोलून गेला. मग तिचं तोंड बघून त्याने जीभ चावली आणि तो मला उचलून जिना उतरला.

मी आज जी एवढी बोलते ना, ती साईनाथच्या दुकानातली सवय. माणूस कुठल्या शाळेत धंदा शिकला नव्हता, पण गिऱ्हाईक दारात आलं की त्याच्या चपलेवरून ओळखायचा, हा घेणार की नुसता विचारणार. एका साहेबांची गोष्ट तो दिवसातून दोनदा सांगायचा. साहेबांनी हट्टाने एकवीस गिअरची सायकल नेली. सहा महिन्यांनी साईनाथ त्यांच्याकडे गेला, तर तिच्यावर टॉवेल वाळत होते. "म्हटलं साहेब, कितव्या गिअरमध्ये लवकर वाळतात?"

त्याने मला काळा रंग मारला. चीर रंगाखाली गेली. त्याला ती दिसलीच नव्हती, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. पण आँटीचं बोलणं त्याने ऐकलं होतं आणि तरीही मला उडीची सायकल म्हणूनच पुढे मांडलं. पावाला जायला मला कोण घेणार होतं?

दोघांनी मला नेलं. दोघांनी परत आणलं. दुसरा होता सलिल, कॉलेजातला.

"अंकल, मस्करी नाय करत. ढिगावर चढायला लागलो ना, की मागून कोणतरी खांदे धरतं."

"घामाने टी-शर्ट चिकटला असेल रे."

"दोन हात चिकटले?"

साईनाथ हसला. पण सलिल गेल्यावर त्याने मला भिंतीकडे तोंड करून उभं केलं.

मला वाटायचं, वॉरेनला परत उडायचंय. खोटं कशाला बोलू, मलाही उडायचं होतं. फ्रीव्हील टिकटिकलं की वाटायचं, आम्ही दोघं एकाच गोष्टीची वाट बघतोय.

मग आली वल्लरी. तेवीस वर्षांची, डोंबिवलीतल्या एका लॅबमध्ये लोकांचं रक्त काढायची. व्हिडिओ बघून बघून तिला उड्यांचं वेड लागलेलं. दीड वर्ष पैसे बाजूला टाकलेले आणि आकडा ठरलेला: पंचवीस हजार, वर एक रुपया नाही. तिची नजर आधी एका लालभडक सायकलवर गेली. पुढे स्प्रिंग, मागे स्प्रिंग, दोन्हीकडे डिस्क ब्रेक, गिअर किती ते मोजावे लागतील.

"काका, ही पण पंचवीसलाच?"

"पंचवीसलाच. आणि दोन महिन्यांत माझ्याकडेच परत येईल," साईनाथ म्हणाला. "अगं पोरी, तेवढ्याच पैशांत इतकं सगळं दिलंय म्हणजे कशात तरी मारलंय ना? गिअरमध्ये नाही मारलं, ते दिसतात. फ्रेममध्ये मारलं, ती कोण बघतं? उडी मारायची तर पैसे तीन ठिकाणी घाल. फ्रेम, चाकं आणि पुढचा फोर्क, म्हणजे चाक धरणारा चिमटा. बाकी जे नाही, ते मोडतही नाही."

असा सल्ला फुकट देणारा दुकानदार शोधून सापडणार नाही. आणि सल्ला देऊन त्याने माझ्याकडेच बोट केलं.

दुकानामागच्या गल्लीत वल्लरीने चक्कर मारली. मधेच थांबली, मागे वळून बघितलं. साईनाथच्या हातातलं फडकं तसंच राहिलं.

"काय झालं?"

"काही नाही. मागे कोणीतरी आहे असं वाटलं."

"मग? नको का?"

"उलट बरं वाटलं. घरी सगळे नुसते 'पडशील, पडशील' करतात. मागे कोणी उभं असेल तर हवंच आहे मला." मग तिने विचारलं, "हिचा पहिला मालक कुठे असतो?"

"बाहेर गेला," साईनाथ म्हणाला. जुन्या मालाच्या धंद्यात हे ठरलेलं उत्तर आहे. फक्त या वेळी ते बोलताना त्याने तिच्याकडे बघितलं नाही.

तिने हँडल धरून सगळा भार टाकला, दोनदा दाबून बघितलं. त्या क्षणी मला करकरता आलं असतं. एक करकर, आणि ती उतरली असती. मी गप्प राहिले. विकल्या जाणाऱ्या वस्तूने कण्हायचं नसतं, हे दुकानातल्या प्रत्येक सायकलीला कळतं. नाही विकलं गेलं, तर पुढे भंगार.

घरी तिची आई सुमती ताट घेऊन दारात उभी. नवी गाडी, मग ती जुनी का असेना, पूजेशिवाय उंबरठा ओलांडत नाही. नारळ फुटला, चाकाखाली लिंबू गेलं. सुमतीबाईंनी कुंकू तेलात कालवलं, कोरडं गळून पडतं म्हणून, आणि माझ्या मानेवर छान ठसठशीत स्वस्तिक काढलं. तेल गार होतं. ते हळूहळू आत शिरत गेलं, जिथे इतकी वर्षं कोणाचं बोट पोचलं नव्हतं तिथे.

सकाळी सुमतीबाईंची हाक आली.

"वल्ली, इकडे ये गं. हे बघ काय होतंय. पुसलं तरी परत येतंय."

"तू पुसतेस कशाला? तूच म्हणतेस ना, गाडीचं कुंकू पुसायचं नाही."

"स्वस्तिक नाही पुसलं मी. खाली ही रेघ ओघळलेली, ती पुसली. चहा टाकून येते तर पुन्हा लाल. तीनदा झालं."

वल्लरी वाकली. स्वस्तिकाच्या खाली केसासारखी लाल रेघ होती. तिने कापसाने टिपली, सुईची जागा टिपावी तशी. रेघ गेली. दोघी बघत राहिल्या. थोड्या वेळाने ती आतून, अगदी सावकाश, पुन्हा वर आली.

"तेल आहे आई, झिरपणारच," वल्लरी म्हणाली. पण बोट मात्र तिने पँटला दोनदा पुसलं.

"राहू दे मग. आपोआप जाईल. गाडीचं कुंकू पुसू नये म्हणजे नाहीच." सुमतीबाईंनी हात जोडले.

माझी जखम एवढी स्पष्ट कोणी कधी दाखवली नव्हती. आणि त्या दोघी तिला नमस्कार करून आत गेल्या. आता ही पोर माझ्यावरून उडणार आणि माझी मान तुटणार, हे त्या घरात फक्त मला ठाऊक होतं. म्हणजे, मला आणि त्याला.

रविवारी मोहने. जुन्या व्हिडिओंत बघून तिने हीच जागा हेरलेली. दुपारचे बारा. कारखान्याचं धुराडं थंड, आकाशात एक घार एकाच जागी टांगल्यासारखी. वॉरेनला जाऊन इतका काळ झाला, ढिगांवर गवत यायला हवं होतं. पाच ढिगांवर ते होतंच. सहावा स्वच्छ होता, थोपटलेला, ओलसर. आसपास पाण्याची सोय नव्हती.

वल्लरीने छोट्या ढिगांवर तीन-चार उड्या घेतल्या. प्रत्येक वेळी माझी चीर थोडी उघडत गेली. प्रत्येक वेळी तिच्या हातांखाली, मुठींवर, मला आणखी दोन हात जाणवले. बर्फासारखे. तिलाही जाणवले असणार, कारण ती मोठ्याने म्हणाली, "हो हो, धर. मी घाबरत नाहीये."

मग तिने माझं तोंड सहाव्याकडे वळवलं.

वेग आला. मी खोटं बोलणार नाही, मला आनंद झाला. वर ढीग, त्यावर आकाश, माझा जन्मच त्यासाठी. ढिगाची चढण चाकाला लागली, आणि मला वाटलं, वॉरेन, आता.

ब्रेक लागला.

वल्लरीची बोटं ब्रेकवर नव्हती. मी शपथेवर सांगते, दहाही बोटं मुठीवर होती. तरी ब्रेकचा दांडा आत गेला, पूर्ण, आणि मागचं चाक खिळल्यासारखं थांबलं. आम्ही घसरत, माती उडवत, ढिगाच्या अगदी कडेवर येऊन उभ्या राहिलो. माझी मान खाली झुकली आणि सावकाश उघडली. कोणी हळूच दार उघडावं तशी.

तेव्हा मला कळलं. इतकी वर्षं तो उडायला नव्हता थांबला. बसणाऱ्या प्रत्येकाचे खांदे धरून तो त्यांना उतरवत होता. उडायची हाव एकटीची माझीच होती.

वल्लरी उतरली. चिरेत तिचं नख सहज गेलं. ती कितीतरी वेळ मातीत बसून होती.

संध्याकाळी मला टेम्पोतून दुकानात आणलं. साईनाथने बॅटरी मारून मान बघितली आणि स्टुलावर बसला.

"पोरी, तो बाहेर नव्हता गेला," तो म्हणाला, आणि सगळं सांगितलं. वॉरेन, आँटी, अंडी, सगळं. मग त्याने तिचे पंचवीस हजार तिच्यापुढे ठेवले.

"वेल्डिंग नाही होणार?" तिने विचारलं.

"होईल. म्हणूनच कापायची. जोडून, रंग मारून माझ्यासारखाच कोणीतरी परत विकेल. तुटलेली फ्रेम आख्खी भंगारात द्यायची नसते."

त्याने मला शिकंज्यात धरलं आणि करवत लावली. नळी दुभागली तेव्हा आतून हवा आली. गार, लांब, माणसाने सुटका झाल्यावर सोडावा तसा श्वास. साईनाथची करवत हातातच राहिली. वल्लरी दाराकडे वळून म्हणाली, "आले, आले."

तिला कोणीच हाक मारली नव्हती, निदान जिवंत माणसाने तरी.

आता मी दोन तुकड्यांत दुकानामागे पडलेय. उद्या-परवा भंगारवाला येईल. पोटात कोणी नाही. वारा सुटला की नळीतून नुसता वारा वाजतो. तुम्ही कमी पैशांत माझ्यासारखी कोणी घ्यायला निघालात तर एवढंच करा: पूजा जरूर करा, पण दुसऱ्या दिवशी कुंकू पुसा आणि खाली काय उरतं ते बघा. आणि सायकलीवर बसल्यावर मागून कोणी खांदे धरले, तर भिऊ नका. निमूट उतरा.

येते मी.