पूलची लाईन

"काकू, हा दाखला फ्रेम करून भिंतीवर लावा," संदेश पहिल्याच दिवशी म्हणाला. "आता कामाला डिप्लोमावाले येतात."

संदेश म्हणजे लोणावळ्यात तुंगार्लीला सहा बंगले पाहुण्यांना भाड्याने देणाऱ्या कंपनीचा सुपरवायझर. वय तीस-बत्तीस, डोळे कायम मोबाईलात. दाखला माझा: आयटीआय, वायरमन ट्रेड, १९९८. आख्ख्या वर्गात मी एकटी मुलगी होते आणि दुसरी आले होते. हे सांगायला तोंड उघडलं असतं तर सोबत आणखीही काही बाहेर पडलं असतं, म्हणून दाखला घडी करून पिशवीत टाकला. त्यांचा वायरमन आकाश नोकरी सोडून चालला होता आणि दुसरं कुणी मिळत नव्हतं, म्हणून मला तीन दिवस बघायचं ठरलं. अडला हरी म्हणतात तसं. त्यातलं गाढव कोण, ते मी विचारलं नाही.

दाखल्यानंतर चार वर्षं मी तळेगावात एका ठेकेदाराकडे वायरिंग केलं. मग लग्न, कामशेतजवळचं सासर, भाताची खाचरं, दोन मुली आणि शेवटची आठ वर्षं सासूबाईंचं अंथरूण. त्या गेल्या आणि मी ट्रंकेतून पक्कड काढली. आमचे हे, सोपान, म्हणाले, "सारिके, तुज्या टायमाची वीज आता ऱ्हायली न्हाई गं."

"शॉक तर त्योच बसतो ना?" मी म्हटलं.

ते हसले, मी नाही. मला ही नोकरी हवी होती. वीस वर्षं सगळ्यांनी मला भाकरी चांगली करतेस म्हणून शाबासकी दिली. माझे हात त्याआधी काहीतरी वेगळं शिकले होते, हे मेलं कुणाच्या लक्षातच नव्हतं.

पहिले दोन दिवस पंखे, गीझर, बल्ब यांत बरे गेले. तिसरा दिवस शनिवार. दोन वाजता पाहुणे येणार होते, कुणाच्या मुलाचा वाढदिवस, वीसेक माणसं आणि निम्मी पोरं. साडेअकराला बंगल्याची लाईट गेली. पाहिलं तर बोर्डातला गळतीचा खटका पडलेला. हा खटका आमच्या वेळी पुस्तकात एका पानावर होता, हातात कधी आला नव्हता. करंट कुठे गळून जमिनीत जात असेल तर हा आपोआप पडतो आणि माणूस वाचतो. आम्ही शिकलो ते चिनी मातीच्या फ्यूजवर. फ्यूज उडाला की आत नवी तार गुंडाळायची, पुन्हा उडाला तर जाड तार गुंडाळायची. ठेकेदाराकडे असंच चालायचं आणि कुणी मेलं नव्हतं. निदान आमच्या कानावर आलं नव्हतं.

खटका वर केला, पडला. पुन्हा केला, पुन्हा पडला. एकेक लाईन बंद करून पाहिली तर पूलची लाईन चालू केली की पडत होता. मी पिशवीतून माझा जुना टेस्ट लॅम्प काढला, होल्डरात बल्ब आणि दोन तारा. त्याने पूलचा पंप तपासला, पाण्याखालचा दिवा तपासला. कुठे शॉर्ट असता तर बल्ब लख्ख पेटला असता. पेटला नाही. म्हणजे लाईन चांगली आणि खटकाच नाजूक, असं मी ठरवून टाकलं.

तेवढ्यात संदेशचा फोन. "काकू, पाहुणे खोपोलीच्या पुढे आलेत. काहीही करा, पण पूल चालू पाहिजे. जमत नसेल तर सांगा, आकाशला पाठवतो. तुम्ही घरी जा."

घरी जा. ते दोन शब्द कानात शिरले आणि डोक्यात राख घातल्यासारखं झालं. मी पूलच्या दोन्ही तारा गळतीच्या खटक्यावरून काढल्या आणि त्याच्या आधी, मेन लाईनला जोडल्या. डायरेक्ट. पाच मिनिटांचं काम. पंप घरघरायला लागला, पाण्याखाली निळा दिवा लागला.

"झालं," मी फोनवर सांगितलं.

"शाब्बास काकू! सोमवारी कागद घेऊन या."

मी किती खूश झाले ते सांगायला लाज वाटते. मागच्या आउटहाऊसमध्ये बंगल्याचे माळी कोंडाजीआबा आणि त्यांची बायको येसूबाई राहतात. येसूबाईंकडे डबा उघडून बसले आणि नुकतीच लागलेली नोकरी त्यांना सांगितली. त्यांनी माझ्या भाकरीवर ठेचा वाढला आणि म्हणाल्या, "लय ब्येस झालं बाई. तेवढं त्या पान्याचं बी बगा."

"कुठल्या पाण्याचं, मावशी?"

"पूलच्या. आमचं कुत्रं दोन दिस झालं तितलं पानी पीना. तोंड लावतंय अन् केकाटून मागं पळतंय. आबा काल ती लोखंडी शिडी पुसाया गेलतं, तर म्हनं हाताला मुंग्या आल्या. मी म्हनलं वय झालं, दुसरं काय."

हातातला घास मी डब्यात टाकला आणि उठले. शॉर्ट नव्हता, गळती होती. दिव्यात पाणी शिरलं असणार, आधी थोडं, आज खटका पाडण्याइतकं. एवढ्याशा गळतीने माझा बल्ब पेटणारच नव्हता, सात जन्म धरून बसले असते तरी नाही. ती ओळखायलाच तो खटका बसवलेला, तो इमानदारीने पडत होता आणि मी त्यालाच बाजूला काढलं होतं.

बाहेर गाड्यांची दारं आपटली. पाहुणे लवकर आले होते. गाणी सुरू झाली आणि मी बाहेर येईपर्यंत पोरं कपडे काढून पळत सुटली होती. सगळ्यांत पुढे पिवळा पोहण्याचा ड्रेस घातलेली सहा-सात वर्षांची मुलगी, दंडात फुगवलेले फुगे, थेट शिडीच्या दिशेने.

"थांबा! पाण्यात नका जाऊ!" मी ओरडले. त्या गाण्यात माझा आवाज मलाच ऐकू आला नाही. डावीकडे पूल, पंचवीस पावलं. उजवीकडे फाटकाजवळ मीटरची खोली, मेन स्विच तिथेच, चाळीस पावलं. आणि माझे पाय डावीकडे वळले, कुठल्याही बाईचे वळतील तसेच.

आमचे आयटीआयचे सर पहिल्या आठवड्यात एकच गोष्ट घोकून घ्यायचे, आधी मेन, मग माणूस. शॉक लागलेल्याला धरायला गेलात तर दोन मढी उचलावी लागतील, म्हणायचे. सत्तावीस वर्षांत मला ते एकदाही आठवलं नव्हतं, ते त्या क्षणी आठवलं. त्या मुलीकडे पाठ केली आणि मी फाटकाकडे धावले. आयुष्यात एवढं जड काम मी केलेलं नाही. धावताना कान सगळे मागे होते. किंकाळी आली तर ती माझ्यामुळे, एवढंच डोक्यात होतं. चप्पल निसटली, खडीने तळवा फाटला, मीटरच्या खोलीचं दार खांद्याने ढकललं आणि मेन खाली ओढला.

गाणी बंद झाली. पंप बंद झाला.

मागे वळून पाहिलं तेव्हा ती मुलगी शिडीची कड धरून उभी होती, एक पाय पाण्यावर अधांतरी, आणि गाणं का थांबलं म्हणून इकडेतिकडे बघत होती. तिने शिडी कधी धरली? मेन पडायच्या आधी की नंतर? मला आजही माहीत नाही.

"आबा, कुनाला पान्यात जाऊ देऊ नका!" मी कोंडाजीआबांना ओरडून सांगितलं. ते झाडू आडवा धरून पूलच्या कडेला उभे राहिले.

मी फोन केल्यावर संदेशला यायला पंधरा मिनिटं लागली. तोवर मी पूलच्या तारा परत गळतीच्या खटक्यावर जोडल्या, मेन चालू केला, आणि खटका पडल्यावर पंप सोडवून पाहिला. तरी पडला. मग पाण्याखालचा दिवा सोडवला, दोन्ही तारा. आता खटका वर राहिला. दिव्याची वायर तशीच सुटी ठेवून टेप लावली. शिडीची अर्थिंगची तार पाहिली तर गंजून तुटलेली.

संदेश आला तेव्हा पाहुणे त्याच्यावर तुटून पडले. "कोण आहे ही बाई? पोरांवर ओरडते, लाईट बंद करते!"

"हाऊसकीपिंगच्या आहेत, सर," तो म्हणाला. "मी बघतो."

मग बोर्डापाशी येऊन त्याने सगळं ऐकून घेतलं, दिव्याची वायर, शिडी, कुत्रं. त्याचा चेहरा उतरला. "काकू, मानलं तुम्हाला," तो हळूच म्हणाला. "तुमच्या लक्षात आलं म्हणून वाचलो."

तारा जागच्या जागी होत्या. मी काय केलं होतं ते कुणालाच कळणार नव्हतं. सोमवार माझा होता, फक्त तोंड बंद ठेवायचं होतं. मी ठेवलंही, मनात दहा आकडे मोजेपर्यंत. मग ती अधांतरी पायाची मुलगी बिस्कीट खात समोरून गेली.

"संदेश, ती लाईन मीच डायरेक्ट केली होती," मी म्हटलं. "खटका पडत होता म्हणून त्याला बाजूला काढला. ती पोर गेली असती तर माझ्या हाताने गेली असती. सोमवारचं काय ते तू ठरव."

मला वाटलं ओरडेल. मीही ओरडायच्या तयारीत होते, तूच काहीही करा म्हणालास म्हणून. पण तो ओरडला नाही. त्याने बोर्डावरच्या खटक्यावर बोट ठेवलं.

"काकू," तो म्हणाला, "वरच्या बंगल्यात आकाशनं पण असंच केलंय. दिवाळीत खटका सारखा पडायचा. मीच म्हटलं होतं, करून टाक डायरेक्ट."

"तिथं आज कुणी आहे?"

"सकाळपासून पोहतायत."

त्याने फोन लावला. रिंग वाजत राहिली. दुसऱ्यांदा लावला, कुणी उचलला नाही. मी पिशवी उचलली आणि त्याच्या मागे गाडीवर बसले, एका पायात चप्पल. चढावर तो कसा गाडी चालवत होता ते देवालाच माहीत. मी फक्त विचारत होते, मेन कुठे आहे, कुठल्या बाजूला. तो सांगत होता, जिन्याखाली, डाव्या हाताला.

फाटक उघडंच होतं. पूलमध्ये सात-आठ जण, शिडीला टेकून गप्पा मारणारे दोन बाप्ये, पाणी उडवणारी पोरं. मी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. जिन्याखाली शिरले, डाव्या हाताला, आणि मेन खाली ओढला.

वरून शिव्या सुरू झाल्या. एक ओला माणूस टॉवेल गुंडाळून खाली आला आणि माझ्यावर बोट रोखून ओरडला, "ए, कोण तू? लाईट का बंद केलीस? चालू कर आधी!"

संदेश माझ्या आणि त्याच्या मध्ये येऊन उभा राहिला.

"सर, नीट बोला," तो म्हणाला. "ह्या आमच्या वायरमन आहेत. सगळ्यांना पाण्याबाहेर घ्या. ह्या सांगतील तेव्हाच लाईट येईल."

मी बोर्डाचं झाकण उघडायला स्क्रूड्रायव्हर काढला. पहिला स्क्रू फिरवला, आणि तो माणूस मुकाट्याने पोरांना पाण्याबाहेर काढायला गेला.