फोटोशिवाय घोणस

थांबा, आधी मला सगळं सांगू द्या, मग हसा. तुम्ही जे ऐकून आलाय ना, की हिने स्वतःच बांधलेला उतार स्वतःच फावड्याने फोडला, हिचं डोकं फिरलंय, त्यातलं अर्धं खरं आहे. फोडला मीच. डोकं मात्र जागेवर होतं. निदान शनिवारपर्यंत तरी.

टेकडीच्या मागच्या बाजूला सायकलींची वाट आहे ना, तिचा शेवटचा तुकडा माझा. जमीन सरकारी, पण खणला मी. सहा महिने, प्रत्येक सुट्टीच्या दिवशी, कुदळ-फावडं घेऊन. तीन वळणं, मग एक उडी, म्हणजे सायकल हवेत फेकणारा मातीचा उंचवटा, आणि उडीनंतर उतरायला मस्त पसरट जागा. ती जागा खचू नये म्हणून खाली मी दगडांची भिंत रचली, माती न घालता, नुसते दगडावर दगड. हाताला फोड आले, नखं गेली, ताई म्हणायची, "सासर मिळालं की काय तुला तिथे?" पण उतार असा झाला की काय सांगू! सायकल हवेत जाते तेव्हा पोटात गोळा येतो आणि टेकते तेव्हा कळतही नाही.

आता त्या टेकडीवर एक वनरक्षक आहेत. आम्ही त्यांना काका म्हणतो. त्यांच्या खोलीत एक टेबल, एक थर्मास आणि सुतळीने बांधलेलं पेन असलेली एक वही. सापांची वही. ज्याला वाटेत साप दिसेल त्याने लिहायचं, कुठे, कधी, कुठला. आणि नियम असा, की एकाच जागी विषारी साप तीनदा लिहिला गेला, तर तेवढा तुकडा बंद. कधीपर्यंत? काका सांगतील तेव्हापर्यंत. म्हणजे समजून जा.

आणि मग आले मास्तर. शाळेत गणित शिकवतात, पन्नाशीचे आहेत, हेल्मेटखाली रुमाल बांधतात आणि अख्खी टेकडी ब्रेक दाबत उतरतात. मी उडी मारते तिथे ते बाजूने सायकल हातात धरून चालत जातात. माणूस वाईट नाही हो. पण महिन्याभरात त्यांनी वहीत दोनदा लिहिलं. उडीच्या खाली, घोणस. पंधरा दिवसांनी परत, उडीच्या खाली, घोणस.

माझ्या तोंडचं पाणी पळालं. अजून एकदा लिहिलं की माझा उतार गेला!

मी काकांच्या खोलीतच मास्तरांना गाठलं. "सर, घोणस कशावरून?"

"जाड होती. अंगावर ठिपके होते."

"जाड आणि ठिपकेवाली तर आमच्या घरची उशी पण आहे!"

काका चहात हसले. मास्तर नाही हसले.

आता हे नीट ऐका, कारण सगळी भानगड इथेच आहे. डुरक्या घोणस म्हणून एक साप असतो. नावात घोणस, पण बिनविषारी, अगदी गरीब. अंगाने जाड, पाठीवर वेडेवाकडे डाग, शेपूट बोथट. खरी घोणस, जी चावली तर माणूस हॉस्पिटलात, तिच्या पाठीवर ठिपक्यांच्या तीन रांगा असतात, साखळीसारख्या, एकदम आखीव. शेपूट निमुळतं. मला हे सगळं पाठ आहे, कारण मी ताईच्या फोनवर रात्रंदिवस तेच बघत होते. मास्तरांनी पहिल्यांदा लिहिलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी तिथे गेले आणि उडीच्या खाली मला डुरक्या दिसला. फोटो काढला. दुसऱ्या वेळीही तसंच, परत डुरक्या, परत फोटो. दोन्ही काकांच्या टेबलावर ठेवले.

काकांनी पट्टी घेऊन मास्तरांच्या दोन्ही ओळी खोडल्या. मी तेवढ्यावर थांबले असते तर बरं झालं असतं. पण नाही. मी म्हटलं, "काका, असं चालणार नाही. उद्या कोणीही येऊन काहीही लिहील. फोटो असेल तरच नोंद घ्यायची, असं लिहा वहीत." काकांनी लिहिलं. वर मी मास्तरांना ऐकवलं, "काही लोक साप साप म्हणून भुई धोपटतात." तोंडावर ऐकवलं. ते नुसतं "बरं" म्हणाले आणि हेल्मेट घेऊन गेले.

आता गुरुवारचं ऐका. रविवारी बाहेरगावचे सायकल चालवणारे चाळीस जण येणार होते, ताईने बोलावले होते, खास माझा उतार बघायला. म्हणून मी सकाळी दुकान उघडायच्या आधी टेकडीवर गेले, म्हटलं उतरायची जागा जरा चोपून घ्यावी. तीन वळणं घेतली, उडी मारली, टेकले आणि लगेच ऐकू आलं, फुस्सऽऽऽ.

मामाच्या सायकलच्या दुकानात चार वर्षं पंक्चर काढतेय मी. हवा कुठून जातेय ते डोळे मिटून सांगते. म्हटलं, गेला मागचा टायर! सायकल उभी केली, उकिडवी बसले, चाक हळूहळू फिरवत टायरला कान लावला. फुस्सऽऽ. बंद. परत फुस्सऽऽ. थुंकी लावून व्हॉल्व्ह बघितला, बुडबुडा नाही. टायर दाबला, दगडासारखा कडक. आणि गंमत म्हणजे मी हलले की हवा जाते, मी थांबले की थांबते. मी मनात म्हणतेय, हा कुठला टायर बाबा, हा तर मला बघून हवा सोडतोय!

आणि मग मी चाकाच्या पलीकडे बघितलं.

गवतात, पॅडलपासून एक वीत. वेटोळं. तीन साखळ्या. आखीव. अगदी फोटोत बघितल्या तशा, फक्त या वर-खाली होत होत्या, कारण ती फुगून श्वास सोडत होती. आणि माझा कान तिच्यापासून इतका, इतकाच लांब होता!

पाचावर धारण बसली. तशीच बसल्या बसल्या मागे सरकले, टाचेने, इंच इंच. दहा पावलं मागे आल्यावर उठले आणि पळाले. सायकल तिथेच. आणि फोन? फोन सायकलच्या हँडलला लावलेल्या पिशवीत!

पाऊण तासाने काठी घेऊन परत गेले. सायकल होती, फोन होता, सगळं होतं. घोणस नव्हती. भिंतीच्या दगडांमध्ये हाताएवढ्या फटी होत्या आणि एका फटीच्या तोंडाशी उंदराच्या लेंड्या पडलेल्या. मग माझ्या डोक्यात उजेड पडला. मीच तिला घर बांधून दिलंय. पोकळ भिंत, आत उंदीर, बाहेर सकाळचं ऊन. आणखी काय पाहिजे तिला?

आणि दुसरी गोष्ट सुचली ती तर त्याहून वाईट. माझ्या फोटोतला डुरक्या खरा होता. पण मास्तरांनी आदल्या दिवशी बघितला तो साप हाच, हे मी कशावरून ठरवलं? दोघेही तिथेच राहत असतील, तर? मी दुसऱ्या दिवशी जाऊन दुसऱ्याच सापाचा फोटो काढला आणि मास्तरांना खोटं पाडलं.

धावत काकांकडे. "काका, लिहा. घोणस. उडीच्या खाली. मास्तरांच्या दोन ओळी परत धरा, ही तिसरी. बंद करा तो तुकडा!"

काकांनी वही उघडली, पान उलटलं आणि बोट ठेवलं. माझीच ओळ. "फोटो?"

"अहो, फोन सायकलवर राहिला!"

"मग कसं लिहू बाळा? तूच म्हणालीस, कोणीही येऊन काहीही लिहील."

"मी कोणीही आहे का?"

"मास्तर पण हेच म्हणाले होते," काका म्हणाले आणि थर्मासचं झाकण लावलं.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ना, ते हे! ताईला सांगितलं तर ती चाळिसांच्या यादीतून डोकं वर काढेना. "महिनाभर घोणस नाही, घोणस नाही म्हणून सगळ्यांचं डोकं खाल्लंस. आता आहे म्हणतेस. टायर आणि साप यातला फरक तुला कळत नाही, आणि मी लोकांना यायचं नाही म्हणून कळवू?"

"ताई, टेकल्यावर सगळे तिथेच पाय ठेवतात गं! तू पण!"

"मग फोटो आण."

म्हणजे घरात पण तेच!

शुक्रवारी मी शाळेत गेले. मास्तर शिक्षकांच्या खोलीत पेपर तपासत बसलेले. मी दारातच सगळं सांगून टाकलं, एका दमात, टायर, कान, साखळ्या, आणि शेवटी म्हटलं, "सर, माझं चुकलं. तुमची घोणस घोणसच होती. बहुतेक."

त्यांनी लाल पेन खाली ठेवलं. "म्हणजे माझं उत्तर बरोबर होतं, पण रीत दाखवली नाही म्हणून तू शून्य दिलंस."

"हो, सर."

"आणि तुझी रीत बरोबर होती, फक्त गणित दुसरंच होतं."

"सर, टोमणे नंतर मारा ना, रविवारी चाळीस जण येतायत!"

शनिवारी पहाटे आम्ही दोघं उडीच्या समोर जाऊन बसलो. लांब. मास्तरांनी फोन काठीला बांधून आणला होता, पट्टीने मापून वगैरे. पाच तास बसलो. पाच तास! मुंग्या चावल्या, माझा पाय बधिर झाला, मास्तरांनी तेवढ्यात एका वर्गाचे पेपर संपवले. नको तेव्हा कानाशी येऊन फुस्स करते, आणि पाहिजे तेव्हा एक गांडूळ दिसेल तर शपथ. डुरक्यासुद्धा नाही! ऊन वर आलं, दगड तापले, मास्तर म्हणाले, "आता ती नाही येत. सावलीला गेली असेल."

मी उठले आणि फावडं घेतलं.

"भिंतीला हात लावू नको," मास्तर एकदम ओरडले. मी त्यांचा असा आवाज पहिल्यांदा ऐकला.

"भिंत नाही. उडी."

कारण उडीच नसेल, तर त्या जागेवर कोणी टेकणार नाही. सगळे तिसऱ्या वळणानंतर उजवीकडे फुटणाऱ्या जुन्या वाटेने जातील. मी वरच्या बाजूला उभी राहिले आणि उडीचा काठ छाटायला लागले. पहिले चार घाव नुसते घसरले, इतकी घट्ट चोपली होती मी ती माती. मग ढेकळं निघायला लागली. मी रडत होते की घाम होता, मला माहीत नाही. मास्तर खाली लांब उभे राहून गवताकडे बघत होते, राखण करत. सहा महिन्यांचं काम आणि पाऊण तासात सपाट!

आणि रविवार. चाळीस जण आले. ताईने उडी बघितली आणि माझ्याकडे असं बघितलं की साप परवडला. मी फाट्यावर उभी राहिले, हात लांब करून, "उजवीकडे, उजवीकडे, पाय टेकू नका, डावीकडे घोणस आहे." एकूण चाळीस वेळा. काही जण घाबरून गेले, काही हसत गेले, एकाने थांबून भिंतीकडे मान लांब करून बघितलं आणि म्हणाला, "कुठाय? काही नाही तिथे."

"आत आहे."

"बघितलीस?"

"गुरुवारी."

"आज रविवार आहे," तो म्हणाला आणि गेला.

कोणाला काही झालं नाही. एक ओरखडासुद्धा नाही. आणि काहीच झालं नाही म्हणून कोणाला काहीच पटलं नाही! चावली असती तर पटलं असतं, पण मग कोणाला चावायला लावू, तुम्हीच सांगा? ताई दोन दिवस बोलत नाहीये. काकांच्या वहीत माझी घोणस अजून नाही. नियमाने माझा उतार उघडा आहे, आणि तिथे उतार नाही.

जाता जाता त्यांच्यातली एक बाई माझ्याजवळ थांबली, चांगली होती, पाणी वगैरे प्यायली, म्हणाली, "वळणं फार सुंदर आहेत गं. ज्याने कोणी बांधलीयत त्याला सांग, शेवटी एक उडी हवी होती."

मी म्हटलं, "सांगते."