शाळेत आई म्हणायचं नाही

देवयानीच्या शाळेत एकच फळा होता, एकच बाक होता आणि एकच मुलगी होती, आणि तीही पोटची.

डोंबिवलीच्या एमआयडीसीत जे थोडे बैठे बंगले अजून बिल्डरांच्या तावडीतून सुटलेत, त्यातला एक तिच्या सासऱ्यांचा. अण्णांना बागेचं भारी वेड. मागच्या अंगणात त्यांनी अवजारांसाठी एक पत्र्याची खोली बांधून घेतलेली आणि म्हातारा अख्खा दिवस तिथेच पडीक असायचा. ते गेले आणि खोली बंद पडली. कुंड्या, खुरपी, शेणखताची पोती, कोळ्यांची जाळी, बस्स. दिवाळीच्या सुट्टीत देवयानीनं पदर खोचला, सगळं बाहेर काढलं, भिंतींना पिवळा रंग दिला आणि फळा ठोकला. शेणखताचा वास तेवढा जाईना. "शाळेला कसला ना कसला वास असतोच," असं म्हणून तिनं उदबत्ती लावली आणि मोकळी झाली.

हे सगळं कशासाठी, तर अक्षदासाठी. पोरगी तिसरीत. घरी तोंडाचा पट्टा चालू, आणि वर्गात गेली की बोबडी वळायची. साधं 'प्रेझेंट टीचर' म्हणायचं तर डोळ्यांत पाणी. रोज सकाळी पोटात दुखायचं. डॉक्टर झाले, काढे झाले, मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढून झाली. शेवटी सहामाहीला कोरा पेपर देऊन ती रडत घरी आली, आणि देवयानीनं शाळेतून नावच काढलं. "मीच शिकवते," म्हणाली.

विनीत, तिचा नवरा, ठाण्याला नोकरीला. "अगं कर ना, मी कुठे नाही म्हटलंय," असं म्हणत त्यानं बॅग उचलली आणि निघाला. तो सकाळी जो जायचा तो जेवायलाच उगवायचा. बायकोशी वाद घालायचा म्हटला तरी माणसाला थोडं घरी असावं लागतं.

आता खरं सांगायचं तर यात देवयानीचाही थोडा स्वार्थ होता. लग्नाआधी आणि नंतरही काही वर्षं ती कल्याणच्या एका मराठी शाळेत शिकवायची. भाजी घ्यायला गेली तरी पोरं रस्त्यापलीकडून ओरडायची, "बाईऽऽ!" पुढे ती शाळा पोरं मिळेनात म्हणून बंद पडली, आणि त्याबरोबर ती हाकही गेली. उरलं काय? 'अक्षदाची आई', 'काकू', आणि दारात कुरियरवाला, 'मॅडम, पार्सल'. दिवसभर बंगल्यात ती आणि मिक्सर. कधीकधी तिला वाटायचं, आपण आज मोठ्यानं एक शब्दही बोललो नाही. आणि हे खरंच असायचं.

तेव्हा पहिल्याच दिवशी तिनं नियम सांगितला. "शाळेत आई म्हणायचं नाही. टीचर नाही, मॅडम नाही. बाई म्हणायचं. आणि अरे-तुरे चालणार नाही."

अक्षदाला काय, मज्जाच वाटली! ती दप्तर पाठीला लावून पुढच्या दारानं निघायची, आईला टाटा करायची आणि घराला वळसा घालून, जास्वंदीच्या कडेकडेनं मागे शाळेत पोचायची. तेवढ्यात देवयानी स्वयंपाकघराच्या दारानं धावत जाऊन खोलीत हजर. "उशीर का झाला?" "बाई, ट्रॅफिक होतं." मधल्या सुट्टीत अक्षदा डबा घेऊन अनंताच्या झाडाखाली बसायची आणि बाई आत, कारण बाई काही मुलांत बसून डबा खात नाहीत. शाळा सुटली की पुन्हा वळसा. पुढच्या दाराची बेल वाजायची, आणि आई दार उघडून विचारायची, "आलीस? कशी झाली शाळा?"

आणि ही बया खरंच सांगायची! "आज बाई जाम वैतागल्या होत्या. एवढ्याशा चुकीसाठी सतराचा पाढा परत म्हणायला लावला."

"हो का? थांब, बोलते मी त्यांच्याशी."

दुसऱ्या दिवशी बाई गंभीर चेहरा करून म्हणायच्या, "तुझ्या आईचा निरोप आलाय. आज पाढे नकोत म्हणाल्या."

अशी शाळा दणक्यात चालली. पोटदुखी पळाली. पोरगी खड्या आवाजात कविता म्हणू लागली, फळ्यापाशी उभी राहून हातवारे करत समजावू लागली. देवयानीचा जीव भांड्यात पडला. दुपारी वह्या तपासताना ती चक्क गुणगुणायची. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिला सकाळ व्हावीशी वाटत होती.

उन्हाळा लागला तसं काहीतरी बिनसलं. शेजारच्या संचिताची बस दुपारी कोपऱ्यावर थांबायची. पोरं खिदळत उतरायची, एकमेकांना धपाटे घालायची. तो कालवा ऐकू आला की अक्षदाची पेन्सिल थांबायची. मग संचिता कुंपणावर चढून काय काय सांगायची. गॅदरिंगमध्ये कोण पडलं, कुणाच्या डब्यात रोज नूडल्स असतात. अक्षदाकडे सांगायला एकच होतं, बाई. ते संचितानं एकदा ऐकलं, दोनदा ऐकलं आणि मग उतरून निघून गेली. देवयानीनं हे खिडकीतून पाहिलं आणि पडदा ओढून घेतला.

घरी येऊन शाळेच्या गोष्टी सांगणंही कमी झालं. "कशी झाली शाळा?" "बरी." बस्स, एवढंच. देवयानीला कळत नव्हतं असं नाही. कळत होतं, पण वळवून घ्यायचं नव्हतं.

एक दिवस बेल वाजली, दार उघडलं, तर अक्षदा उंबऱ्यातच उभी. बूटही काढेना.

"आई, एक सांगू? पण बाईंना नाही सांगायचं. शप्पथ घे."

"घेतली."

"मला संचिताच्या शाळेत जायचंय."

"मग बाईंनाच का नाही सांगितलंस?"

"त्यांना वाईट वाटेल गं. त्यांना दुसरं कोणीच नाहीये. मधल्या सुट्टीत मी बघते ना, त्या एकट्याच बसतात. डबा उघडतात आणि भिंतीकडे बघत खातात. मी पण गेले तर शाळेत कोण उरणार?" एवढं बोलून तिनं आवाज आणखी खाली आणला. "म्हणून मी जात नाही."

देवयानीनं तिचे बूट काढले. खाली वाकून काम करताना चेहरा दिसत नाही, तेवढं बरं असतं. तिला लाज वाटली, आणि त्याहून जास्त भीती वाटली. तिकडे गेल्यावर पुन्हा पोरगी मुकी झाली तर? पुन्हा ते पोटावर हात धरून रडणं? आणि खरी भीती वेगळीच होती, ती कुणाला सांगण्यासारखी नव्हती. या घरात दिवसभर आपण कुणाशी बोलायचं?

दुसऱ्या दिवशी बाई फळ्याकडे तोंड करून तारीख लिहिता लिहिता म्हणाल्या, "अक्षदा, तुझ्या आईचा निरोप आलाय."

अक्षदाचं तोंड एवढंसं झालं. "आईनं सांगितलं?"

"जूनपासून तुझं नाव संचिताच्या शाळेत घालायचं म्हणतायत. मी म्हटलं, घाला की. चांगली हुशार मुलगी आहे."

"तुम्ही रागावलात?"

"छे गं."

"मग तुमच्या शाळेत कोण येणार?"

"येईल कुणीतरी. शाळा म्हटली की पोरं येतातच," बाई म्हणाल्या. धडधडीत थाप होती, पण अक्षदानं ती खरी मानली आणि अख्खा दिवस खुशीत पाढे म्हटले.

जूनमध्ये अक्षदा नवा गणवेश घालून पुढच्या दारानं निघाली. टाटा केला. देवयानीनं दार लावलं आणि सवयीनं स्वयंपाकघरातून धावत मागे गेली. खोलीत पोचल्यावर तिच्या लक्षात आलं, की आता वळसा घालून कुणी येणार नाही. मग ती तशीच बसून राहिली. विनीतचा मेसेज आला, 'गेली?' तिनं लिहिलं, 'गेली.' मधल्या सुट्टीच्या सुमाराला तिनं डबा उघडला आणि भिंतीकडे बघत दोन घास खाल्ले. पोरीनं बरोबर पाहिलं होतं. घर खायला उठतं म्हणतात, तिला तर ती एवढीशी खोलीच खायला उठली. दिवसभर तिचा जीव टांगणीला लागला होता, शाळेतून फोन येतो की काय म्हणून.

फोन काही आला नाही. दुपारी बेल वाजली.

"कशी झाली शाळा?"

"मस्त!" अक्षदानं दप्तर भिरकावलं. "पण एक लोचा झाला. मी टीचरना चुकून बाई म्हणाले. सगळे हसले."

"मग?"

"तो सुमित आहे ना, तो म्हणतो, बाई तर आमच्याकडे भांडी घासायला येते. सगळे अजूनच हसले."

"मग तू रडलीस?"

"मी का रडू? मी उभी राहिले आणि सगळ्यांना सांगितलं, आमच्या बाई शिकवायच्या. खूप छान शिकवायच्या. सतराचा पाढा म्हणून पण दाखवला. मग गप्प बसला तो."

भरल्या वर्गात, उभी राहून. देवयानीला हसू फुटलं आणि डोळेही भरून आले. अक्षदा पाणी प्यायली आणि पेला ठेवून वळली.

"आई, आज बाईंच्या शाळेत कोण आलेलं?"

थाप मारणं सोपं होतं. एकदा मारलीही होती. "कुणी नाही," देवयानी म्हणाली.

अक्षदा विचारात पडली. "रविवारी मला सुट्टी असते. बाई रविवारी शाळा उघडतील का? विचार ना त्यांना."

"विचारून येते," देवयानी म्हणाली, आणि घाईघाईनं स्वयंपाकघराच्या दारानं मागे गेली, कारण तिला लेकीसमोर रडायचं नव्हतं.