वर पांघरलेला थर

नानासाहेब सरांनी मेघाचा फाइल्स बदलायच्या परवानगीचा अर्ज वाचलासुद्धा नाही. भाषा प्रयोगशाळेच्या सर्व्हरवरचा सगळे अधिकार देणारा रूट पासवर्ड दोन वर्षांपासून एकट्या सरांकडेच होता, आणि त्याला कारण मेघाच होती.

तेव्हा तिनं हौसेनं साफसफाई काढली होती. पाचोडच्या बायकांच्या रेकॉर्डिंगमध्ये "मुक्ताबाई" आणि "मुक्ताबाई २" दिसलं, तिला वाटलं दुसरी नक्कल आहे. दुसरी मुक्ताबाई म्हणजे गल्लीतली वेगळीच म्हातारी होती. मेघानं ती फाइल पुसली, आणि तिची नक्कल कुठंच नव्हती. परत रेकॉर्डिंग करायला टीम गेली तेव्हा म्हातारी वारली होती. मेघा त्या दिवशी घरी जेवली नाही.

आता तिच्या प्रबंधासाठी तेच रेकॉर्डिंग हवं होतं, तेही खरोखर दुबार असलेल्या फाइल्स वगळून. सर म्हणाले, "बघायची परवानगी हाय. हात लावायची नाय. विषय संपला."

विषय कसला संपतो? उस्मानपुऱ्यातून रोज चालत येणारी मेघा तशी हटून बसायलाच जन्मली होती. तिनं ठरवलं, की रूट मागायचंच नाही. मूळ फोल्डर खाली जसंच्या तसं, त्यावर आपला रिकामा थर. जे बदलायचं, पुसायचं, ते वरच्या थरात. नकाशावर ट्रेसिंग पेपर ठेवून रेघोट्या मारायच्या, तसं.

साध्या आज्ञेनं तो थर फोल्डरवर चढवायला, म्हणजे माउंट करायला गेली तर मशिननं तोंडावर सांगितलं, परवानगी नाही. ते अपेक्षितच होतं. मग तिनं रूटशिवाय सामान्य वापरकर्त्यालाही माउंट करू देणारा, फ्यूज नावाचा मार्ग धरला. तोही अडला, कारण वरचा थर तिनं आपल्या घरच्या फोल्डरमध्ये ठेवला होता आणि सगळ्यांची घरं नेटवर्कवरच्या डिस्कवर, जिथं असा थर चालत नाही. तासभर स्वतःलाच शिव्या घालून तिनं थर सर्व्हरच्या स्वतःच्या डिस्कवर हलवला. माउंट झालं. पण एक फाइल पुसू पाहिली तर पुन्हा नकार, कारण फाइल सरांच्या नावावर. शेवटी तिला तो पर्याय सापडला, जो या थरातून पाहताना सगळ्या फाइल्स वापरणाऱ्याच्याच नावावर दाखवतो. बस्स, तेवढंच अडलं होतं.

दुपारी सर चहाला उठणार, तोच ती दारात उभी राहिली. "सर, पाच मिनिटं. माझ्या मशिनपाशी या."

सर तिच्या स्क्रीनसमोर येऊन बसले. तिनं सगळं पाचोड फोल्डर निवडलं आणि पुसून टाकलं. रिकामी यादी बघून सर ताडकन उभे राहिले.

"मेघा, काय केलंस हे?"

तिनं थर काढला. खालचं फोल्डर उघडलं. एकशे बारा रेकॉर्डिंग जागच्या जागी, पहिल्या मुक्ताबाईसकट.

"खालचं मी पुसूच शकत नाय सर. माझ्या नजरंपुरतंच पुसलं जातं. चुकले तर माझा थर फेकायचा, बाकी काय नाय."

सरांनी वाकून यादी वरपासून खालपर्यंत पाहिली. मग हळूच म्हणाले, "तवाच हे केलं असतं तर..."

"तवा येत नव्हतं सर," मेघा म्हणाली. तिनं मान खाली घातली नाही. "त्या आजीचा आवाज माझ्यामुळं गेला. म्हणून तर शिकले."

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. खिशातून पेन ड्राइव्ह काढून तिच्यासमोर ठेवला.

"गंगापूरच्या बायकांचं रेकॉर्डिंग हाय. काल आलं. अजून कुणाच्या हाती दिलं नाय मी." मग खुर्ची तिच्याजवळ ओढत म्हणाले, "आधी दोन नकला कर. मग तुझा थर लाव, अन् पहिली फाइल तूच उघड."